शोधनिबंध तपासतो कोण?

संशोधकाने लिहिलेला निबंध छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीला पीअर रिव्ह्यू म्हणतात. पद्धत दिसायला सोपी आहे. लेखक निबंध नियतकालिकाच्या संपादकाकडे पाठवतो. संपादक तो चाळतो आणि अगदीच कच्चा असेल तर तिथूनच परत करतो. उरलेले निबंध रेफरींकडे जातात. रेफरीला या कामाचे बहुधा पैसे मिळत नाहीत. तो आपली नोकरी, आपले संशोधन, आपले विद्यार्थी सांभाळून दुसऱ्याच्या लिखाणातल्या चुका शोधतो आणि छापा, दुरुस्त करून छापा किंवा छापू नका, असा अभिप्राय देतो. विज्ञानाच्या बऱ्याच नियतकालिकांत लेखक कोण हे रेफरीला ठाऊक असते, पण रेफरी कोण हे लेखकाला सांगितले जात नाही. सामाजिक शास्त्रांत दोघांचीही नावे एकमेकांपासून झाकण्याची चाल अधिक आहे.

भौतिकशास्त्र, वैद्यक, समाजशास्त्र, कायदा या विषयांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, तरी त्यांच्या निबंधांवर ‘पीअर रिव्ह्यूड’ हा शिक्का सारखाच उमटतो. त्या शिक्क्यामागे काय तपासले गेले, हे मात्र विषयागणिक बदलते. एका विषयातून दुसऱ्या विषयात शिरणारे संशोधन नेमके या फरकामुळे अडचणीत येते.

संशोधनाची नियतकालिके सुरू झाली तेव्हा विषयांच्या भिंती एवढ्या उंच नव्हत्या. 5 जानेवारी 1665 रोजी पॅरिसमध्ये ‘झुर्नाल दे सावाँ’चा पहिला अंक निघाला. तो काढणारा द्‌नी द सालो हा पॅरिसच्या न्यायालयाशी संबंधित कायद्याचा माणूस होता. नव्या पुस्तकांची ओळख, विद्वानांचे मृत्युलेख, प्रयोगांच्या बातम्या आणि न्यायालयांचे निवाडे हे सगळे त्याच्या नियतकालिकाच्या कक्षेत येत होते. दोन महिन्यांनी, 6 मार्च 1665 रोजी, लंडनमध्ये हेन्री ओल्डनबर्ग याने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. ओल्डनबर्ग रॉयल सोसायटीचा सचिव होता, पण नियतकालिक त्याने स्वतःच्या हिमतीवर चालवले. काय छापायचे, हे तोच ठरवत असे. 1752 मध्ये सोसायटीने ते आपल्या ताब्यात घेतले आणि निबंध निवडण्यासाठी एक समिती नेमली.

लेखी अभिप्रायाची प्रथा आणखी ऐंशी वर्षांनी आली. 1831 साली विल्यम व्ह्यूएलने सुचवले की सोसायटीकडे आलेल्या निबंधावर जाणकारांनी अहवाल लिहावा आणि तो छापावा. पहिला निबंध निवडला जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाचा, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतींतल्या दीर्घकालीन फरकांविषयीचा. अहवाल स्वतः व्ह्यूएल आणि जॉन लबक यांनी मिळून लिहायचा होता. पहिल्याच खेपेला दोघांचे पटले नाही. निबंधाचे महत्त्व वाचकांना समजावून सांगणे हे अहवालाचे काम आहे, असे व्ह्यूएल मानत होता, तर लबकला समीकरणे एकेक करून तपासायची होती. अखेर 1832 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालावर व्ह्यूएलचीच छाप राहिली. पुढे अहवाल छापणे बंद झाले, ते गुप्त झाले आणि लबकचा मार्ग रूढ झाला. या व्यवस्थेचे पहिलेच काम असे वादाने सुरू झाले, हे आजच्या कुठल्याही रेफरीला पटण्यासारखे आहे.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी हा सार्वत्रिक नियम नव्हता. 1936 मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नसाव्यात, असे सांगणारा निबंध अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो रेफरीकडे दिला आणि रेफरीचे आक्षेप आइन्स्टाइनना कळवले. निबंध छापण्यासाठी पाठवला होता, दुसऱ्याला दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, असे रागाने कळवून आइन्स्टाइननी तो परत घेतला. तो 1937 मध्ये ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये निघाला, पण तोवर त्यातला निष्कर्ष बदलला होता. रेफरीचे म्हणणे बरोबर होते. तो रेफरी म्हणजे प्रिन्स्टनचा हॉवर्ड रॉबर्टसन होता, हे 2005 साली उघड झाले. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा निबंध ‘नेचर’ने रेफरीकडे न पाठवताच छापला होता. ‘नेचर’ने बाहेरची तपासणी सर्व निबंधांना लागू केली ती 1973 मध्ये.

हा नियम पसरण्यामागे दोन साध्या गोष्टी होत्या. 1959 नंतर कार्यालयांत झेरॉक्स यंत्रे आली आणि निबंधाच्या प्रती काढून दोघा-तिघांना पाठवणे सोपे झाले. दुसरे म्हणजे सरकारी पैशावर चालणारे संशोधन वाढले. करदात्यांचा पैसा कुठे जातो, असे विचारणाऱ्या लोकप्रतिनिधींना दाखवायला शास्त्रज्ञांना स्वतःच्या शिस्तीचा पुरावा हवा होता.

वेगवेगळ्या विषयांची तुलना केली तर गणितातली तपासणी सर्वांत कडक, कारण तिथे सिद्धता कागदावर पूर्णपणे उलगडलेली असते आणि रेफरीने प्रत्येक पायरी चालून पाहावी, अशी अपेक्षा असते. पण तिलाही मर्यादा आहे. फळवाला संत्री रचतो त्याच पद्धतीने गोल रचले तर जागा सर्वांत कमी वाया जाते, असा अंदाज योहान्स केप्लर याने 1611 मध्ये मांडला होता. 1998 मध्ये थॉमस हेल्स यांनी सॅम्युअल फर्ग्युसनच्या साहाय्याने त्याची सिद्धता दिली. तिचा मोठा भाग संगणकाने केलेल्या गणनेचा होता. ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ने ती तपासायला बारा रेफरी नेमले. काही वर्षांच्या कामानंतर त्यांनी हात टेकले: सिद्धता बरोबर असल्याची 99 टक्के खात्री आहे, संगणकाचे सगळे काम तपासणे शक्य नाही. निबंध 2005 मध्ये छापला गेला. पण 99 टक्के म्हणजे गणितात शंभर नव्हे. हेल्स यांनी सिद्धतेची प्रत्येक पायरी तर्काच्या मूळ नियमांपर्यंत नेऊन संगणकाकडूनच पडताळण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि तो ऑगस्ट 2014 मध्ये पूर्ण केला.

वैद्यकात रेफरीच्या हाती याहून फार कमी असते. रुग्ण, प्रयोगशाळा, नोंदवह्या यांतले काहीच त्याच्यासमोर नसते. असतात ती कोष्टके आणि लेखकाचा शब्द. पद्धत योग्य होती का, आकडेमोड जुळते का, निष्कर्ष आकड्यांच्या पलीकडे धावला आहे का, एवढेच तो पाहू शकतो. आकडेच बनावट असतील तर ते त्याला बहुधा कळत नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, 22 मे 2020 रोजी, ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी एक निबंध छापला. त्यात जगभरातल्या रुग्णालयांमधील 96,032 रुग्णांच्या नोंदी वापरल्याचा दावा होता. प्रसिद्धीनंतर बाहेरच्या शास्त्रज्ञांनी आकडे ताडून पाहिले आणि ते जुळेनात. नोंदी पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती तपासायला दिली नाही आणि 4 जूनला निबंध मागे घेतला गेला. रेफरींना न सापडलेली गोष्ट वाचकांना दोन आठवड्यांत सापडली.

म्हणून वैद्यकाने तपासणीचा काही भार निबंधाच्या आधीच्या टप्प्यावर टाकला. औषधाची चाचणी सुरू करण्यापूर्वीच ती जाहीर नोंदवहीत नोंदवायची, काय मोजणार हे आधी लिहून ठेवायचे, म्हणजे निकाल पाहून उद्दिष्ट बदलता येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी 2005 पासून ही अट लागू केली. भारताची नोंदवही, सीटीआरआय, जुलै 2007 मध्ये सुरू झाली.

मानसशास्त्राने वेगळा उपाय केला: जुने प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा. 2015 मध्ये ‘सायन्स’मध्ये अशा 100 प्रयोगांचा ताळा प्रसिद्ध झाला. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीय कसोटीवर ठळक दिसला होता. पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच दिसला. या सर्व निबंधांवर रेफरींची मोहोर होती. इतिहास किंवा मानववंशशास्त्रात तर प्रयोग पुन्हा करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे साधनांचा वापर, संदर्भांचा नेमकेपणा आणि युक्तिवादाची ताकद पाहिली जाते, आणि रेफरीच्या स्वतःच्या वैचारिक घराण्याचा त्यावर परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कायद्याची तऱ्हा सर्वांहून निराळी आहे. अमेरिकेतली बहुतेक कायद्याची नियतकालिके विद्यार्थी चालवतात. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ 1887 मध्ये निघाले, तेही विद्यार्थ्यांच्याच हाती. प्राध्यापकांचे लेख निवडायचे कोणी, तर कायदा शिकत असलेल्यांनी. विज्ञानात एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवता येतो, नाहीतर तो गैरप्रकार ठरतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या लेखकाला मात्र तोच लेख एकाच वेळी पन्नास ठिकाणी पाठवायला मुभा असते. एका ठिकाणाहून होकार आला की तो दाखवून अधिक नावाजलेल्या नियतकालिकाकडे लवकर निर्णय मागणे, हेही शिष्टसंमत आहे. दुसऱ्या विषयातल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पण याच पद्धतीत एक असे काम होते जे इतरत्र क्वचितच होते: विद्यार्थी-संपादक प्रत्येक तळटीप उघडून, मूळ निकालपत्र किंवा पुस्तक काढून, लेखकाने म्हटलेले तिथे खरेच आहे का ते पाहतात. लेखात शेकडो तळटीपा असतात. वैद्यकातला रेफरी इतक्या संदर्भांना हातही लावत नाही. ब्रिटनमध्ये परंपरा वेगळी. 1885 मध्ये फ्रेडरिक पोलॉकने सुरू केलेले ‘लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू’ विद्वानांच्याच हाती राहिले. भारतात राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी पुष्कळशी अमेरिकी वाट धरली.

विद्यार्थ्यांनी निवडलेले लेख कमी दर्जाचे असतात, असे सरसकट म्हणता येत नाही. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख डिसेंबर 1890 मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये आला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालपत्रातही या लेखाची चर्चा आहे.

प्रत्येक विषय आपापल्या घरात आपली तपासणी कशीबशी चालवतो. संशोधन उंबरठा ओलांडते तेव्हा खरी पंचाईत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कामात याच्या दोन्ही बाजू दिसतात. गोव्यात 1907 साली जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी व्यवसायाने गणिती होते. त्यांनी हजारो प्राचीन आहत नाण्यांची वजने केली. हाताळणीने नाणे झिजते, त्यामुळे जास्त फिरलेली नाणी सरासरीने हलकी होतात आणि त्यांच्या वजनांतली तफावतही वाढते, या साध्या तत्त्वावर त्यांनी एकेका निधीतल्या नाण्यांचा कालक्रम लावला. नाणकशास्त्राच्या आणि प्राच्यविद्येच्या अभ्यासकांपुढे संख्याशास्त्र असे आले तेव्हा ते तपासू शकणारे त्या वर्तुळात फार थोडे होते. काम चांगले होते म्हणून टिकले. 1944 च्या सुमारास त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये दिले, पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे संशोधक आजही ‘कोसंबी फंक्शन’ वापरतात, आणि त्यांतल्या अनेकांना ते कोसंबी म्हणजेच प्राचीन नाण्यांचा अभ्यास करणारे इतिहासकार, याची कल्पना नसते.

दुसरी बाजू रीमानच्या गृहीतकाची. अविभाज्य संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेला हा प्रश्न गणितातला सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्न. कोसंबींनी तो संभाव्यतेच्या मार्गाने सोडवल्याचा दावा केला, आणि 1959 मध्ये त्याविषयीचा निबंध छापला तो भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात. संख्याशास्त्र तिथे जाणले जात होते, पण ते नियतकालिक प्रामुख्याने शेतीच्या प्रयोगांचे. संख्या-सिद्धांताच्या तज्ज्ञांच्या नजरेखालून असा निबंध जावा, अशी ती जागा नव्हती. गणितज्ञांनी सिद्धता मान्य केली नाही आणि कोसंबींच्या गणिती लौकिकाला धक्का बसला. गंमत अशी की नियतकालिकांच्या डोळ्यांत धूळ कशी जाते, हे त्यांनी तरुणपणी स्वतःच दाखवले होते. फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल अलिगढला शिकवत असताना त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एका प्रमेयाचे श्रेय बुर्बाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाला दिले आणि तो निबंध 1931 मध्ये अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत रीतसर छापून आला. वेल आणि त्यांच्या मित्रांनी पुढे हेच नाव घेऊन फ्रान्समध्ये आधुनिक गणिताची मांडणी केली. न्यूयॉर्कचे भौतिकशास्त्रज्ञ अॅलन सोकल यांनी ‘सोशल टेक्स्ट’ या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाला निरर्थक भौतिकशास्त्राने भरलेला निबंध देऊन फसवले ते 1996 मध्ये, म्हणजे पासष्ट वर्षांनी. ‘सोशल टेक्स्ट’मध्ये त्या वेळी बाहेरच्या तज्ज्ञांकडे निबंध पाठवण्याची पद्धत नव्हती, एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला विचारले असते तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

न्यायालयात उंबरठ्यावरची ही चूक माणसाच्या आयुष्यावर बेतते. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क यांची दोन तान्ही मुले लागोपाठ दगावली आणि 1999 मध्ये त्यांना खुनासाठी दोषी ठरवण्यात आले. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले की अशा कुटुंबात असा आकस्मिक मृत्यू 8,543 मध्ये एकदा होतो. ती संख्या स्वतःशीच गुणून त्यांनी दोन मृत्यूंची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक अशी सांगितली. दोन्ही मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच असा गुणाकार चालतो, आणि एकाच घरातल्या भावंडांबाबत तसे मानायला आधार नव्हता. शिवाय एखादी घटना दुर्मीळ असणे आणि आरोपी निर्दोष असण्याची शक्यता तेवढीच कमी असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 मध्ये जाहीर निवेदन काढून हे दाखवून दिले. क्लार्क 2003 मध्ये सुटल्या. त्या अपिलात निर्णायक ठरला तो दडून राहिलेला जिवाणू-चाचणीचा अहवाल. मूळ आकडा वैद्यकीय अभ्यासातून आला होता, गुणाकार डॉक्टरने केला, तो वकील, न्यायाधीश आणि ज्यूरी यांनी ऐकला. संख्याशास्त्रज्ञाने तो वेळीच थांबवावा, अशी जागा त्या साखळीत नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या डॉबर्ट खटल्यात शास्त्रीय साक्ष स्वीकारताना पाहण्याच्या गोष्टींत पीअर रिव्ह्यू धरला, पण तो एकमेव निकष नाही, हेही स्पष्ट केले. भारतात तज्ज्ञाच्या मताची तरतूद 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे. निबंध कुठे छापला गेला आणि कोणी तपासला, हे तोलण्याचे काम न्यायाधीशावरच राहते.

एकाच नियतकालिकात सगळे विषय छापणे मुळात गैर नाही. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ तेच करतात, बंगळुरूचे ‘करंट सायन्स’ही. डिसेंबर 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॉस वन’ने तर निबंध किती महत्त्वाचा हे न पाहता फक्त त्याची पद्धत निर्दोष आहे की नाही, एवढेच पाहायचे ठरवले. पण हे करायला प्रत्येक विषयाचे संपादक आणि त्यांच्यामागे रेफरींचे मोठे जाळे लागते. ते नसताना वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, मराठी साहित्य आणि घटनात्मक कायदा एकाच अंकात, महिन्याभरात, ‘तपासून’ देणारी ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ नियतकालिके लेखकाकडून पैसे घेऊन चालतात. अशांना ‘भक्षक’ हे विशेषण अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 2010 च्या सुमारास रूढ केले. 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगावरच्या काल्पनिक औषधाचा, ढोबळ चुका पेरलेला निबंध 304 मुक्त नियतकालिकांना पाठवला. 157 ठिकाणी तो स्वीकारला गेला, 98 ठिकाणी नाकारला गेला. ‘प्लॉस वन’ नाकारणाऱ्यांत होते. निवडलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातली होती.

भारतात या धंद्याला खतपाणी नियमांनीच घातले. 2010 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकाशी जोडल्या आणि छापलेल्या निबंधांना गुण ठेवले. शिकवण्याचा सगळा भार वाहणाऱ्या, प्रयोगशाळा किंवा चांगले ग्रंथालय हाताशी नसलेल्या महाविद्यालयीन शिक्षकालाही निबंध दाखवणे भाग पडले, आणि मागणी तसा पुरवठा झाला. आयएसएसएन क्रमांक मिरवणे हा दर्जाचा पुरावा ठरला; वास्तविक तो फक्त नोंदणीचा क्रमांक आहे. आयोगाने 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांच्या शिफारशींनी तिच्यात शिरलेल्या, मान्यवर सूचींत नसलेल्या 1,009 नियतकालिकांची छाननी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी करून 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. कुणाचा पत्ता सापडेना, कुणाच्या संपादकांची नावे, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली आणि नोव्हेंबरमध्ये ‘केअर’ ही नवी व्यवस्था जाहीर केली. तिचे काम पुणे विद्यापीठातून चाले. मग नामांकित नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे उघडून पैसे उकळणारे निघाले, तेव्हा ‘केअर’ला अशा नकली नियतकालिकांचीही यादी ठेवावी लागली.

फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ‘केअर’ यादी बंद झाल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याचे काम निकष सुचवून उच्च शिक्षणसंस्थांवर सोपवले. हे काम आता महाविद्यालयातल्या समित्यांकडे आले आहे आणि त्यांत बहुधा वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एकत्र बसतात. सर्व विषयांना एकच तक्ता लावणे त्यांना सोयीचे वाटेल. पण बाहेरच्या दोन तज्ज्ञांचा अभिप्राय ही एकच अट ठेवली तर विद्यार्थ्यांनी चालवलेली, तळटीप न् तळटीप तपासणारी कायद्याची नियतकालिके बाद होतील, आणि कागदावर दोन अभिप्राय दाखवणारी पैसेघेऊ पत्रिका पास होईल.